नव्या फिश टँकचा फिल्टर धुतला तरी पुन्हा मंद पडतो? धुण्याआधी हे तपासा

लक्षणं

फिल्टर धुतला की दिवस-दोन दिवस धार जोरात पडते, मग पुन्हा बारीक होत जाते. टॉप फिल्टर (टँकच्या वर ठेवलेल्या ट्रेत पाणी चढवणारा) असेल तर पाणी स्पंजातून खाली झिरपायच्या ऐवजी ट्रेच्या काठावरून वाहतं. पंप घरघर करतो, किंवा लाईट जाऊन आली की नुसता गुणगुणतो आणि पाणी फेकत नाही. हवेच्या नळीतून बुडबुडे येणं बंद होतं. पाणी दुधाळ दिसतं आणि जितकं जास्त धुवावं तितकं जास्त दुधाळ होतं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले भराभर हलतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फिल्टर चकाचक धुतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे मरायला लागतात.

फिल्टर एक असला तरी ही दुखणी दोन आहेत. पहिलं मशीनचं: पंप पाणी ओढत नाही किंवा फेकत नाही. दुसरं स्पंजात राहणाऱ्या जिवाणूंचं: धार नीट आहे, पण पाणी बिघडलं आहे. मशीन कितीही घासून धुतलं तरी चालतं. स्पंज तसा घासून धुतला तर टँक पुन्हा पहिल्या दिवसावर जातो. नव्या टँकच्या बहुतेक तक्रारी परत परत येतात त्या याचमुळे, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच नळाखाली धुतल्या जातात. "परवाच तं धुतला, भाऊ," असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाने धुतला आणि काय काय धुतलं?

खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे जातात. मधली एखादी टाळून थेट पंप खोलायला बसू नका.

हात घालण्याआधी

प्लग काढा. नुसता स्विच बंद करू नका. काही घरांत वायरिंग करताना स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो. तो बंद असला तरी पंपापर्यंत फेज, म्हणजे करंट, येत राहतो. फिल्टर, हीटर, पाण्याशी संबंध येणारं सगळं बोर्डावरून काढायचं.

तेवढ्यात वायरीकडेही बघून घ्या. टँककडून बोर्डाकडे जाताना वायर आधी खाली झोल घेऊन मग वर गेली पाहिजे. वायरीवरून ओघळणारं पाणी मग त्या झोलाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. टँकच्या खालीच जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवलेला असेल तर तो आजच उचलून भिंतीवर लावा. धार मंद होणं त्यापुढे फार छोटी गोष्ट आहे.

१. पाण्याची पातळी

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पार जातो आणि हवा कोरडीठाक असते. त्यात खोलीत पंखा सुरू असला की उघड्या टँकचं पाणी दोन-तीन दिवसांत बोटभर खाली जातं. आत बुडवलेल्या पंपाचं तोंड पाण्याच्या वर आलं, की तो हवा ओढतो, घरघरतो आणि धार तुटक होते. हा आवाज ऐकून लोक पंप खराब झाला म्हणतात. पाणी भरा, पंप जरा आडवातिडवा हलवून आत अडकलेली हवा बाहेर काढा, आवाज बंद होईल.

ही तपासणी पहिली ठेवली आहे ती फुकट आहे म्हणून, आणि दुर्लक्ष केल्यावर महाग पडते म्हणूनही. हे पंप आजूबाजूच्या पाण्यानेच थंड राहतात. कोरडा चाललेला पंप तापतो, आतलं प्लास्टिक वाकतं, आणि मग दुरुस्तीला काही उरत नाही.

एक लक्षात असू द्या. उडून जातं ते फक्त पाणी, त्यातले क्षार टँकमध्येच राहतात. उन्हाळाभर नुसती भर घालत राहिलात तर पाणी जड होत जातं. म्हणून भर घालणं वेगळं आणि आठवड्याला थोडं पाणी बदलणं वेगळं. दोन्ही करावं लागतं.

२. जाळी, नोझल आणि हवेची नळी

पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते, तिच्यावर झाडाचं पान, नकली झाडाचा धागा किंवा गोगलगाय अडकलेली असते. बाहेरून बोटाने निघते. नोझलवर धार कमी-जास्त करायची फिरकी असेल तर ती धुताना नकळत फिरलेली असू शकते. हवेची बारीक नळी पाण्याबाहेर असलेल्या टोकाशी क्षाराने बुजते. टाचणीने मोकळी होते. बुडबुडे जास्त हवेत म्हणून ती नळी पूर्ण उघडली, तर काही फिल्टरमध्ये धार कमी होते आणि आवाज वाढतो. तो बिघाड नाही.

३. खाणं किती पडतं

फिल्टरच्या तक्रारीत खाण्याचं काय काम, असं वाटेल. पण स्पंज चार दिवसांत तुंबत असेल तर कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. घरात लहान मुलं असली की टँकपाशी डबी ठेवलेली असते आणि येणारा-जाणारा चिमूट टाकून जातो. आजोबा सकाळी टाकतात, शाळेतून आल्यावर नातू टाकतो, रात्री बाबा पुन्हा टाकतात. मासे प्रत्येक वेळी पुढे येतात, त्यामुळे ते भुकेले आहेत असंच वाटतं.

डबी एकाच माणसाच्या ताब्यात द्या. दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच. तळाशी उरलेला दाणा सडतो, त्याचा गाळ होतो, तो गाळ स्पंजात जातो. आठवडाभर हे करून पाहा. पुष्कळ घरांत एवढ्यावरच काम भागतं.

४. स्पंज काढून एक मिनिट चालवा

दोष मशीनमध्ये आहे की स्पंजात, हे या एका चाचणीने कळतं. प्लग काढून स्पंज बाहेर घ्या, तो टँकच्याच पाण्यात भरलेल्या भांड्यात ठेवा. आता नुसता पंप पाण्यात बुडवून सुरू करा. धार जोरात आली, तर पंप ठीक आहे, स्पंज तुंबलाय. पुढचा मुद्दा बघा. धार अजूनही बारीकच असेल, तर स्पंजाला हात लावू नका, सरळ सहाव्या मुद्द्याकडे जा.

बहुतेक लोक हे न करता दर वेळी स्पंजच धुतात. दोष पंपात असेल तर स्पंज धुऊन काही हाती लागत नाही, उलट जिवाणू जातात.

५. स्पंज धुणं

माशांच्या विष्ठेतून आणि सडलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सहन करतात आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत फार कमी असतात. ते स्पंजावर, बायो-रिंगवर (फिल्टरमधल्या सच्छिद्र कड्यांवर), तळाच्या खड्यांवर चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच टँक सायकल होणं म्हणतात.

आपल्या नागपुरात नळाचं पाणी पेंच आणि कन्हान नद्यांचं, शुद्धीकरण करून क्लोरिन घालून येतं. क्लोरिन घातलेलं असतं तेच मुळी जिवाणू मारायला. स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला की ते आपलं काम चोख करतं. मग टँकमध्ये अमोनिया साचतो, पाणी दुधाळ होतं, घरातले लोक पाणी घाण झालं म्हणून स्पंज पुन्हा नळाखाली धुतात. हे चक्र तोडल्याशिवाय टँक बसत नाही.

योग्य रीत अशी. आठवड्याच्या पाणी बदलाच्या वेळी टँकमधून काढलेलं पाणी बकेटमध्ये घ्या. त्यात स्पंज बुडवून तीन-चारदा हलक्या हाताने दाबा. पाणी चहाच्या रंगाचं होईल. दाबल्यावर पाणी सहज आरपार जायला लागलं की थांबा, स्पंज मळकट दिसत असला तरी. साबण, डिटर्जंट, भांड्याचं लिक्विड यातलं काहीही नको. स्पंजातून साबण पूर्ण निघत नाही. दोन स्पंज किंवा दोन ट्रे असतील तर एका आठवड्याला एक, दुसऱ्या आठवड्याला दुसरा. बायो-रिंगला महिनोन् महिने हात लावायची गरज पडत नाही. वरचा पांढरा कापूस मात्र गाळ धरण्यासाठीच असतो, तो काळा पडला की फेकून नवा घाला. कापूस ठासून भरू नका. पाण्याला वाट मिळाली नाही की ते बाजूने निघून जातं आणि गाळलंच जात नाही.

पहिल्या महिन्यात धार अगदीच मंदावल्याशिवाय स्पंज काढूच नका.

धार नीट आहे, तरी पाणी दुधाळ

हे वेगळं लिहितो, कारण याच वेळी सगळ्यात जास्त चुकीची धुलाई होते. नवा टँक लावल्यावर पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पाणी पांढुरकं होतं. ते पाण्यात मोकळे वाढणारे जिवाणू असतात. बहुतेक वेळा ते आपोआप निवळतं. पूर्ण पाणी बदललं, खडे धुतले, फिल्टर उकळत्या पाण्यातून काढला, की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दुकानातून असा सल्ला मिळाला असला तरी तो पाळू नका.

पाणी हिरवं असेल तर ते शेवाळ. टँकवर ऊन पडतंय का बघा. चहासारखं तपकिरी असेल आणि आत लाकूड ठेवलेलं असेल, तर लाकडाचा रंग उतरतोय, त्याने मासे मरत नाहीत. दुधाळ पाण्याबरोबर मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर मात्र लगेच हालचाल करा. दोन दिवस खाणं बंद. पाव टँक पाणी बदला, नव्या पाण्यात आधी अँटी-क्लोरिन (क्लोरिन घालवणारं औषध) घाला. हवेचा पंप सुरू करा. जमलं तर अमोनियाचं टेस्ट किट आणा. सायकल झालेल्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला हवेत. बेटा आणि गुरामी हे मासे मुळातच वर येऊन हवा घेतात, त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका.

उन्हाळ्यात ही अवस्था आपल्याकडे जास्त झोंबते, याला कारणं आहेत. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांवर ७ च्या थोडा वर. शिवाय पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका अमोनियाचा जास्त वाटा विषारी रूपात असतो. २५ अंशांवर पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) ७ असेल तर हा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. म्हणून मे महिन्यात दुपारी दोन-तीन तास लाईट गेली तर मासे आणि स्पंज दोघांचाही जीव धोक्यात असतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात ठेवा. तो नसेल तर मगाने टँकचंच पाणी उचलून वरून ओतत राहा. आणि नवा टँक लावायचाच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये लावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

एखाद्या मित्राकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या स्पंजाचा तुकडा ओला ठेवून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. आयते जिवाणू मिळतात, सायकलचे आठवडे वाचतात. त्याच्या टँकमध्ये मासे आजारी नाहीत ना, एवढं आधी विचारा.

६. इम्पेलर

स्पंज काढूनही धार बारीक असेल, किंवा लाईट आल्यावर पंप गुणगुणत असेल पण फिरत नसेल, तर इम्पेलर, म्हणजे पंपात पाणी ढकलणारा फिरता भाग, बघायचा. यालाही पैसे लागत नाहीत, फक्त दहा मिनिटं आणि एक जुना टूथब्रश.

पंपाच्या तोंडाचं झाकण फिरवून किंवा खाच दाबून निघतं. आत छोटी पाती दिसतील. ती चिमटीत धरून सरळ ओढा. मॅग्नेटमुळे थोडी ओढ लागते, मग सुटतं. हाती येतो तो पाती लावलेला गोल मॅग्नेट. त्याच्या मधून एक बारीक दांडी जाते. ती बऱ्याच पंपांत सिरॅमिकची असते आणि वाकवली की काचेसारखी मोडते, म्हणून तिरकं ओढायचं नाही.

आता नीट बघा. मॅग्नेटवर तपकिरी बुळबुळीत थर असतो. दांडीला बहुधा केस किंवा झाडाचा तंतू गुंडाळलेला असतो, कधी इतका घट्ट की सुईने उकलावा लागतो. ज्या खोबणीत मॅग्नेट बसतो तिच्या तळाशी बारीक वाळू असते. फिरायला जागा केसाएवढीच असते, त्यात हा थर बसला की इम्पेलर जड होतो. सुरू असताना कसाबसा फिरत राहतो. लाईट गेली, थांबला, की परत उठत नाही. "लाईट आल्यापासून बंद पडला" या तक्रारीमागे बहुतेक वेळा वीज नसते, हा थर असतो.

हे सगळं नळाखाली बिनधास्त घासून धुवा. इथे जिवाणू वाचवायची गरज नाही. पाती मॅग्नेटवर अर्धा फेरा सैल फिरत असतील तर घाबरू नका, अनेक पंपांत ती तशीच बनवलेली असतात, म्हणजे मोटरला सुरुवातीचा झटका घेता येतो. दांडीच्या दोन्ही टोकांना रबरी बुश आहेत ना, हे मोजून परत बसवा. एक बुश धुताना सिंकमध्ये गेला, तर पंप त्या दिवसापासून टकटक करणार.

७. पांढरा क्षार

बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत ब्रशने न निघणारा पांढरा थर इम्पेलरवर, खोबणीत आणि नोझलच्या आत सापडतो. आपल्याकडे घराघरांत कूलर आहे, त्यामुळे हा थर ओळखीचा आहे. कूलरचा पंप मार्चमध्ये उघडल्यावर जे खरवडावं लागतं, तेच हे. पंपही त्याच जातीचा, आत मॅग्नेट आणि पाती.

पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, किंवा पाण्यात चमचाभर निंबूसत, यात इम्पेलर, झाकण आणि नोझल अर्धा तास बुडवा. बारीक बुडबुडे येतील, क्षार सुटेल. मग ब्रश मारून साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा. स्पंज आणि बायो-रिंग या पाण्यात चुकूनही नको. मोटर जिथे बंद असते तो भाग आणि वायरचा जोड बुडवत ठेवू नका. खोबणीत फक्त कापसाच्या काडीने व्हिनेगर लावा.

कूलरचा जुना पंप पडलाय म्हणून तो टँकमध्ये टाकू नका. माशांच्या पाण्यात दिवसरात्र बुडून राहण्यासाठी तो बनवलेला नसतो, आणि त्या पाण्यात आपण हात घालतो.

८. सुटे भाग आणि फिल्टरची ताकद

दांडी मोडली, बुश झिजला, पाती तुटली, तर त्याच मॉडेलचा इम्पेलर मागा. मिळाला तर तेवढ्यावर भागतं. जुळणारा नसेल तर जवळपासच्या मापाचा कोंबून बसवू नका.

सगळं स्वच्छ, सगळं साबूत, तरी पाणी सुधारत नसेल तर फिल्टर टँकला लहान पडतोय. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये ५५ लिटरच्या आसपास पाणी मावतं. तासाला त्याच्या चार-पाच पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे २५० लिटर तरी. खोक्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. टॉप फिल्टरला पाणी उचलावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात कमीच मिळतं. मोठा पंप घेण्याऐवजी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर जोडीला लावणं मला जास्त पसंत आहे. स्वस्त असतो, बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं, आणि एक स्पंज धुताना दुसरा टँक सांभाळतो. पण एवढ्या टँकमध्ये सहा गोल्डफिश असतील तर कोणताच फिल्टर पुरणार नाही. मासे कमी करावे लागतील.

इथे थांबा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या, एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला, जळका वास आला, वायरचं आवरण फुटलेलं दिसलं, तर पुढची कोणतीही तपासणी करू नका. मेन बंद करा, मग प्लग काढा. पाण्यात बुडणाऱ्या पंपाची वायर टेपने जोडायची नसते. तो पंप बाद. बोर्डाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवायला सांगा.

काचेच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर तो फिल्टरचा विषय नाही, टँक बनवणाऱ्याला बोलवा. कॅनिस्टर फिल्टरच्या (टँकबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरच्या) डोक्यातून पाणी गळत असेल आणि ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी, साफ करून, जागेवर नीट बसवूनही थांबत नसेल, तर दुकानात न्या. अमोनिया शून्य असूनही मासे मरत असतील, अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी किंवा जखमा दिसत असतील, तर औषधं अंदाजाने टाकू नका. काही औषधं स्पंजातले जिवाणूही मारतात. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नागपुरातच आहे, त्यांच्याकडे मत्स्य विज्ञानाची माणसं आहेत. पाण्याचा नमुना आणि माशाचा फोटो घेऊन जाणकाराला विचारा.

पंप दुरुस्तीला द्यावा लागला तर दुकानात फक्त पंप न्या. स्पंज आणि बायो-रिंग पिशवीत घालून नेऊ नका, कोरड्याही पडू देऊ नका. त्या टँकच्याच पाण्यात ठेवा आणि शेजारी हवेच्या पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड सोडा. नवा पंप आला की त्याच्यात जुनाच स्पंज बसवायचा.